‘तत्सम’ कुणी घातला?

माझ्या नोकरीत मला आरडाओरडा करणाऱ्या माणसाची कधी भीती वाटली नाही. टेबलावर हात आपटून ‘माझी परवानगी का अडवली?’ असं विचारणाऱ्याला काय हवंय ते समोर दिसत असतं. भीती वाटायची ती हळू आवाजात नमस्कार करून, ‘मॅडम, फक्त एक शब्द इकडचा तिकडं करायचाय’ म्हणणाऱ्याची. असा माणूस आला की मी पेनाला टोपण लावायचे आणि मनातल्या मनात विचारायचे, याची जमीन कुठं आहे?

मी नगररचनेत होते. भूकंपानंतर भरती झाली तेव्हा रचना सहायक म्हणून लागले आणि निवृत्तीपर्यंत लातूर आणि नांदेड याच दोन जिल्ह्यांत फिरले. कार्यालयाचं नाव इथं लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. लोकांना वाटतं नगररचना म्हणजे नकाशे. नकाशे असतातच. पिवळा पट्टा राहण्याचा, निळा दुकानांचा, जांभळा कारखान्यांचा. पण नकाशासोबत एक नियमावली असते आणि तिच्या सुरुवातीला ‘व्याख्या’ नावाचं प्रकरण असतं. मजला म्हणजे काय, तळघर म्हणजे काय, गोदाम कशाला म्हणायचं, वसतिगृह कशाला. वाचायला इतकं कंटाळवाणं, की ते दोनच प्रकारची माणसं वाचतात. एक ते लिहिणारी आणि दुसरी त्यातून वाट शोधणारी. पिवळ्या पट्ट्यात घर चालतं, गोदाम चालत नाही. मग गोदामाला घर म्हणता येईल का, हे बघायला माणसं वकील लावतात. मी लिहिणाऱ्यांपैकी होते.

शब्दावर शक घ्यायची सवय मला पहिल्याच वर्षी लागली. औसा-निलंग्याकडच्या पडलेल्या गावांची नवी वसाहत आखायचं काम होतं. प्लॉट कुटुंबाला एक. आता कुटुंब म्हणजे काय? साहेबांनी सोपं करून दिलं होतं: एक चूल, एक कुटुंब. हे गावात पसरायला वेळ लागला नाही. आम्ही पत्र्याच्या शेडांतून फिरायला लागलो तर जिकडं तिकडं चुली. कालपर्यंत एका ताटात जेवणारे भाऊ आज दोन कोपऱ्यांत दोन चुली मांडून बसलेले.

माझ्याबरोबर उदगीरचे खाजाभाई होते, भूमापक. माझ्याहून वयानं मोठे, कामाला चोख आणि बोलायला तिखट. त्यांनी एक युक्ती काढली. चुलीतली राख बाजूला करायची आणि खालची माती बघायची. जुनी चूल असली की माती भाजून लाल झालेली असते, नवी असली की काळीच. आम्ही दिवसभर राख उकरत हिंडलो. बऱ्याच चुली खोट्या निघाल्या आणि आम्हाला स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

संध्याकाळी गोदाबाई नावाच्या बाईच्या शेडात गेलो. नवरा आणि सासरा दोघंही भूकंपात गेलेले, शेजारच्या शेडात सासू आणि दीर. बाई म्हणाली, मी आधीपासून वेगळीच राहत होते. खाजाभाईंनी राख बाजूला केली. माती काळी.

‘बाई, ही चूल तर नवीन आहे,’ मी म्हणाले.

तिनं बाजूला केलेली राख परत चुलीत लोटली. मग म्हणाली, ‘जुनी ढिगाऱ्याखाली हाय. उकरून दावू का?’

खाजाभाई उठून बाहेर गेले. मलाही तिथं बसवेना. त्या गावात कुणाचीच चूल जुनी असणार नव्हती, हे आम्हा दोघांच्या दिवसभर डोक्यात आलं नव्हतं. ज्यांच्या चुलीखाली माती लाल सापडली, ते भूकंपाआधीपासूनच शेतात शेड टाकून राहणारे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांना सांगून चुलीची व्याख्या मोडीत काढली आणि गाव एकत्र बसवून शेजाऱ्यांना विचारायला लागलो. गोदाबाईला प्लॉट मिळाला. ती खरंच वेगळी राहत होती का, ते मला आजही माहीत नाही. शेजारची बाई ‘हाव, वेगळीच होती’ म्हणाली, पण म्हणायच्या आधी तिनं गोदाबाईकडं बघितलं होतं.

पुढं नांदेडला बदली झाली. तिथं निवासी भागात एकानं ‘यात्री निवास’ बांधला. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा म्हणून परवानगी घेतली होती. मी तपासणीला गेले तर खाली आरसे लावलेलं काउंटर आणि वर थंड हवेच्या खोल्या. एका खोलीतून एक गृहस्थ टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. विचारलं, दर्शनाला आलात का? ते म्हणाले, ‘न्हाई हो, मी बियाणं विकून राहिलो. मुदखेडला गाडी चुकली.’ मालक पटकन मध्ये पडला. ‘मॅडम, ते पण भाविकच हायत. सकाळी उठल्या उठल्या हात जोडतात.’ मला हसू आवरेना, आणि परवानगी काही टिकली नाही. पण परतताना जाणवलं, की चूक आमचीही होती. आमच्या नियमात ‘धर्मशाळा’ हा शब्द होता आणि पुढं त्याचा अर्थ लिहिलेलाच नव्हता.

हे सगळं सांगितलं ते पुढचं कळावं म्हणून.

लातूरला परत आले तेव्हा शहर ओळखू येत नव्हतं. शिकवण्यांची लाट आली होती. चाकूर, अहमदपूर, मुखेड, देगलूर, कुठून कुठून पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येत होती. एका भागात तर पाटी नसलेलं घर दिसायचं नाही. वरच्या मजल्यावर क्लास, मधे मुलींच्या खोल्या, खाली मेस आणि त्याच्याही खाली, तळघरात, अभ्यासिका. अभ्यासिका म्हणजे प्लायवूडचे खुराडे. एक फळी, एक दिवा, एक खुर्ची. पोरं सकाळी आत जायची ती जेवायलाच वर यायची.

तेव्हाच आमची नियमावली नव्यानं लिहायला घेतली होती. माझ्याकडं व्याख्यांचं प्रकरण. वर वाघमारे साहेब. त्यांच्याबद्दल सांगायचं तर कार्यालयातला चहासुद्धा ते घ्यायचे नाहीत, घरून थर्मास आणायचे. कुणी पेढ्यांचा पुडा ठेवला तर शिपायाला हाक मारून तो पुडा त्या माणसाच्या गाडीपर्यंत पोचवायला लावायचे. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. त्यांच्यावर शक घ्यायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तळघराची व्याख्या मी जपून लिहिली होती. शेवटचं वाक्य होतं: ‘तळघराचा वापर साठवणूक व वाहनतळ यासाठीच करता येईल.’ मग मी मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले. परत आले तोवर नियमांचा मसुदा छापून सूचना फलकावर लागला होता. मसुदा लोकांपुढं ठेवायचा, हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि मगच नियम पक्के करायचे, अशी ती पद्धत. मी डबा हातात धरूनच फलकापुढं उभी राहिले आणि माझं वाक्य शोधलं. तिथं लिहिलं होतं: ‘तळघराचा वापर साठवणूक, वाहनतळ व तत्सम कारणांसाठी करता येईल.’

माझा ‘च’ गेला होता आणि ‘तत्सम’ आला होता.

तत्सम म्हणजे त्यासारखं. साठवलेल्या पोत्यासारखं काय असतं? उद्या कुणीही म्हणणार, पोती ठेवतो तशी बाकडी ठेवली, आणि बाकड्यावर पोरं बसली. शहरातली झाडून सगळी तळघरं त्या एका शब्दातून आत येणार होती. पाटीही बदलावी लागणार नव्हती.

हे कुणी केलं? मी जागेवर जाऊन बसले आणि एकेकाकडं बघायला लागले. मीनाताई, आमच्या टंकलेखक, मी नजर टाकली की मान खाली घालत होत्या. नवा इंजिनिअर त्या भागातल्या एका आर्किटेक्टबरोबर चहा पिताना मला दिसला होता. आणि खाजाभाई, तेही आता लातूरलाच होते, त्यांच्या साडूचं नवं कॉम्प्लेक्स त्याच रस्त्यावर उभं राहत होतं. मी कपाटाची किल्ली पर्समध्ये ठेवायला लागले. खाजाभाई आले की समोरचे कागद पालथे घालायचे. इतकी वर्षं एकाच जीपमधून फिरलेली आम्ही माणसं, आठवडाभर ‘नमस्कार’च्या पुढं बोललो नाही.

शेवटी तेच माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले.

‘मॅडम, तुमचा शक माझ्यावर हाय ना? त्या तळघराचा?’

मी म्हणाले, ‘तुमच्या साडूचं कॉम्प्लेक्स आहे.’

‘हाय की. आणि तळघरबी हाय. पण माझाबी शक तुमच्यावर हाय.’

‘माझ्यावर?’

‘ऐन टायमाला रजेवर कोण गेलं? मला वाटलं, मॅडमनं सही केली अन् लग्नाचं निमित्त करून निघून गेल्या. हात साफ.’

मी चिडले, आणि मग मला हसू फुटलं. तेही हसले. ‘लई दिवस जीपमधी बसलो आपण,’ ते म्हणाले, ‘दोघांचीबी नजर बिघडली.’ त्या दिवशी आम्ही दोघांनी एकाच डब्यातलं खाल्लं आणि ठरवलं, की आता एकमेकांवरचा शक बाजूला ठेवून बाकीच्यांवर घेऊ.

हरकतींची मुदत सुरू झाली तशी पहिली हरकत आली ती मन्मथअप्पांची. अप्पा लिंगायत समाजातले जुने डाळीचे व्यापारी. कपाळावर विभूती, धुवट पांढरे कपडे, आवाज लोण्यासारखा. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘मॅडम, फक्त एक शब्द काढायचाय. तो तत्सम. पोरांच्या जिवाचा सवाल हाय. एकच जिना, खिडकी न्हाई. उद्या पाणी शिरलं, आग लागली, मग कुणाला इचारायचं?’

माझ्याच मनातलं वाक्य त्यांच्या तोंडून येत होतं आणि म्हणूनच मी पेनाला टोपण लावलं.

ते गेल्यावर खाजाभाईंना विचारलं, ‘अप्पांची जमीन कुठं?’

खाजाभाईंनी नकाशा ओढला आणि बोट ठेवलं. क्लासच्या रस्त्याच्या बरोबर मागं, जांभळ्या पट्ट्यात, अप्पांची बंद पडलेली डाळ मिल होती. आम्ही बघायला गेलो. भलंमोठं गोदाम, अजून तुरीच्या भुश्श्याचा वास येणारं. आत सुतार प्लायवूड कापत होते. खुराडे आधीच उभे राहायला लागले होते. तळघरं बंद झाली की पोरं कुठं जाणार, हे अप्पांनी आमच्याआधी ठरवून ठेवलं होतं. मी गोदामाला एक चक्कर मारली. आत यायला-जायला एकच लोखंडी शटर. मागची भिंत सलग, दगडी.

‘अप्पा, इथं आग लागली तर?’ मी विचारलं.

‘इथं कशी लागंल? हे काय तळघर हाय का?’ अप्पा म्हणाले आणि गोड हसले.

परत येताना खाजाभाई म्हणाले, ‘माणूस खोटा, पण हरकत खरी.’ ते खरं होतं आणि त्यानं माझी पंचाईत झाली होती. पण ‘तत्सम’ कुणी घातला, ते अजून कळलं नव्हतं. अप्पांना तर तो नकोच होता.

मीनाताईंना मी थेट विचारायचं टाळत होते. एक दिवस विचारलं. त्या गोंधळल्या. ‘साहेबांनीच बदलायला सांगितलं होतं की. मला वाटलं तुम्हाला माहीत हाय. तुम्ही माझ्याकडं अशा रागानं बघून राहिलात, मला कळंना माझं काय चुकलं.’

थर्मासमधून चहा ओतून घेणाऱ्या वाघमारे साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. त्यांच्याबद्दल जे मनात येत होतं त्याची मलाच लाज वाटत होती. निवृत्ती जवळ, मुलगा बेकार, कुणीतरी गाठलं असेल.

‘साहेब, तत्सम तुम्ही घातलात?’

‘हो,’ ते म्हणाले. मान वर करून. ‘बसा.’

मी बसले नाही.

‘सगळी तळघरं एका दिवसात बंद केली तर ही पोरं कुठं बसतील? खोलीत दाटीवाटीनं राहतात. ज्याच्या बापाला परवडतं तो वर खिडकीत बसेल. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी तळघर आहे. म्हणून शब्द सैल ठेवला. जे तळघर चांगलं असेल ते चालू द्यायचं, वाईट असेल ते बंद करायचं. आपल्या हातात राहतं.’

त्यांचं म्हणणं ऐकून मला बरं वाटलं. माझ्या मनातला तो घाणेरडा शक खोटा ठरला होता. पण पुढच्याच क्षणी दुसरा उभा राहिला.

‘साहेब, तुम्ही जाणार. मग तो शब्द कुणाच्या हातात राहील?’

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं.

‘तुमच्या खुर्चीवर जो येईल तो चांगलं तळघर कशाला म्हणेल? सैल शब्द म्हणजे दोरी. तिचं टोक आज तुमच्या हातात आहे.’

‘तुम्ही फार शक घेता, बिराजदार बाई.’

‘घेते,’ मी म्हणाले.

त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला. म्हणाले, ‘चला, एखादं दाखवा मला. चांगलं असेल तर तुम्ही तोंडानं मान्य करायचं.’

आम्ही तिघं भर दुपारी निघालो. मी मुद्दाम चांगल्यातलं निवडलं, नाहीतर साहेबांना वाटलं असतं मी डाव टाकला. खाली फरशी स्वच्छ होती, पंखे होते, भिंतीवर ‘शांतता राखा’. मुली ओळीनं बसून लिहीत होत्या. साहेब एका रांगेतून आत गेले, वळले, दुसऱ्या रांगेत गेले. आणि दिवे गेले.

बाहेर लखलखीत ऊन होतं आणि आत माझा हात मला दिसत नव्हता. पंख्यांचा आवाज थांबला तसा आतल्या सगळ्यांच्या श्वासांचा आवाज ऐकू यायला लागला. एकही मुलगी उठली नाही. त्यांना सवय होती. एकेक मोबाईलचा उजेड लागला आणि लिहिणं पुढं सुरू झालं. साहेबांचा आवाज आला, ‘जिना कुठं आहे?’ मी म्हणाले, ‘उजवीकडं असावा.’ तिकडं भिंत होती. साहेब दोनदा प्लायवूडवर आपटले. तेवढ्यात कुणीतरी मुलगी म्हणाली, ‘सर, हात द्या. इकडून या.’ तिनं साहेबांचा हात धरला आणि त्यांना वर घेऊन आली. मी आणि खाजाभाई मागोमाग, एकमेकांच्या कपड्याला धरून.

वर उन्हात आल्यावर साहेबांनी चष्मा पुसला. मुलीला विचारलं, ‘नाव काय बाळ?’

‘आरती. चाकूरची.’

‘भीती वाटत नाही खाली?’

‘भीती कशाची सर? लाइट रोजच जाते. खाली थंड असतं, अभ्यास होतो.’ मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या नकाशाकडं गेलं. ‘तुम्ही बंद करायला आलात का?’

साहेब गाडीकडं वळले. गाडीत बसल्यावर फक्त एवढंच म्हणाले, ‘तो शब्द काढू.’

पण ते इतकं सोपं नव्हतं. सुनावणीच्या दिवशी सभागृह भरून गेलं. तळघरांच्या मालकांनी वकील आणला होता, चुणचुणीत. तो उठून म्हणाला, ‘नियमावलीत अभ्यासिका हा शब्दच कुठं नाही. ज्या वापराला तुम्ही नावच दिलं नाही, तो बेकायदा कसा म्हणता?’ सभागृहात टाळ्या पडल्या. मला आतून चटका बसला, कारण त्याचं बरोबर होतं. क्लास, शाळा, वसतिगृह, वाचनालय, सगळ्यांची व्याख्या मी लिहिली होती. अभ्यासिकेची लिहिली नव्हती. मला ती वाचनालयातच येते असं वाटलं होतं.

मग मागच्या रांगेतून आरती उठली. तिला कुणी पाठवलं होतं की ती स्वतः आली होती, असा विचार माझ्या मनात आलाच. ती म्हणाली, ‘तुम्ही खाली बसू नका म्हणता. बरोबर असंल. मग कुठं बसायचं ते पण सांगा ना.’

अप्पा पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते, त्यांचा चेहरा समाधानी होता.

साहेबांनी मला बोलायची खूण केली. मी उभी राहिले आणि सांगितलं, की ‘तत्सम’ निघेल, ‘च’ परत येईल, आणि अभ्यासिका हा वेगळा वापर म्हणून नियमात येईल. ती जमिनीच्या वर असेल, तिला खिडक्या असतील आणि एकमेकांपासून लांब असे बाहेर पडायचे दोन दरवाजे असतील. अशी जागा कुठल्याही पट्ट्यात असली तरी तिला परवानगी मिळेल, पिवळ्या, निळ्या आणि जांभळ्याही. आणि अशा जागा उभ्या राहीपर्यंत तळघरांना मुदत मिळेल.

जांभळ्या म्हणताच अप्पा हसले. दोन दरवाजे त्यांना नंतर समजले.

ते माझ्याकडं आले तेव्हा आवाजातलं लोणी वितळलं होतं. ‘मागची भिंत दगडी हाय, मॅडम. आज्याच्या वक्ताची. ती फोडू? मी तुमच्या बाजूनं बोललो अन् तुम्ही मलाच धरलं?’

‘अप्पा, पोरांच्या जिवाचा सवाल आहे,’ मी म्हणाले. ‘तुम्हीच म्हणाला होता.’

भिंत फोडली. दरवाजा बसवला. पण माझा त्या दरवाज्यावर विश्वास नव्हता. परवानगी दिल्यावर काही दिवसांनी मी न कळवता गेले, तर मागच्या दारापुढं सायकली लावलेल्या आणि पाण्याचा कूलर. मी उभं राहून सगळं हलवायला लावलं. पुन्हा गेले, तर दाराला कुलूप. किल्ली कुठं, तर अप्पांच्या घरी. मी म्हणाले, कुलूप आत्ता काढा, नाहीतर मी शटरलाच सील लावते. अप्पांनी माझी तक्रार वर केली, की या बाईंचा माझ्यावर वैयक्तिक राग आहे. वाघमारे साहेब तोवर निवृत्त झाले होते. नव्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, एकाच माणसाच्या मागं का लागता? मी म्हणाले, कारण तो एकाच दाराला पुन्हा पुन्हा कुलूप लावतो. कुलूप निघालं. आतून फक्त कडी राहिली, ती मी स्वतः उघडून बघितली.

सगळ्यांना जागा मिळाली असं मात्र झालं नाही. तळघरं बंद झाली, नव्या अभ्यासिका महाग पडल्या. काही पोरं घरी परत गेली. आरतीबद्दल मी चौकशी केली होती. तिच्या खोलीतल्या मुली म्हणाल्या, ती चाकूरला गेली, घरूनच अभ्यास करते. पुढं काय झालं ते मला कळलं नाही. खाजाभाई म्हणायचे, ‘तुम्ही तिला वाचवलं.’ मी म्हणायचे, ‘की हाकललं?’ ते यावर काही बोलायचे नाहीत, आणि तेव्हा ते मला फार प्रामाणिक वाटायचे.

मी निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. अप्पांच्या गोदामात दुपारच्या वेळी तारा जळून आग लागली. शटरच्या बाजूलाच. प्लायवूड भसकन पेटलं. आत सगळे खुराडे भरलेले होते. पोरं मागच्या दारानं बाहेर आली. सगळी. एकाची चप्पल राहिली, बऱ्याच जणांची पुस्तकं जळाली. पेपरात मी शोधलं, कुठल्याच पानावर काही नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, मग बातमी कशाची?

काही दिवसांनी अप्पा माझ्या घरी आले. मी दार उघडलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला, आता याला काय पाहिजे? नुकसानभरपाईसाठी साक्ष हवी असेल. की आता वर मजला चढवायचा असेल आणि माझी कुणाकडं ओळख लागत असेल.

‘बसा अप्पा,’ मी म्हणाले.

ते बसले. पाणी प्यायले. थकलेले दिसत होते. बराच वेळ गच्चीवरच्या कुंड्यांकडं बघत राहिले. मी वाट बघत होते. चहा झाला. त्यांनी मुलीची, नातवंडांची चौकशी केली. मी तुटक उत्तरं देत राहिले, कारण आता विषय निघणार हे मला माहीत होतं. असं बोलणं कुठं जातं ते मी आयुष्यभर बघितलं होतं.

मग ते उठले. टोपी नीट केली, हात जोडले. ‘येतो मॅडम,’ म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मी दारातच उभी राहिले. खालचं फाटक वाजलं. वाटलं, आता परत वर येतील आणि म्हणतील, ‘मॅडम, फक्त एक छोटंसं काम होतं.’ मी कान देऊन ऐकत होते. रिक्षा सुरू झाली, कोपऱ्यावर वळली. ते आले नाहीत.